पाणबुडी नाक खाली का घालते

प्रश्न असा आहे: "इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दीड मीटर लांबीची, साधारण १२ किलोची पाणबुडीची प्रतिकृती बनवली आहे. टाकीत पाणी घेतलं की ती नाक खाली करते आणि तळाला जाऊन आपटते. सुरुवातीच्या पाणबुड्यांनाही हाच त्रास होता असं ऐकलं. त्यांनी तो कसा सोडवला? आणि पहिली खरी पाणबुडी कोणाची मानायची?"

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, पण ते तुमच्या प्रतिकृतीला नव्हे. पावणेदोनशे वर्षांत ज्यांनी पाणबुडी बांधायला घेतली, त्यातल्या बऱ्याच जणांची पहिली बोट नेमकी अशीच वागली. त्यात काही जण जिवालाही मुकले. तुमची निदान तळाला जाऊन थांबली.

मी नौदलात इंजिनरूमकडचा माणूस. आधी फॉक्सट्रॉट जातीच्या रशियन बोटींवर होतो, मग शिशुमार वर्गातल्या बोटींवर. (पाणबुडीला आम्ही जहाज म्हणत नाही, बोटच म्हणतो. ती सवय आता जाणार नाही.) बंदरातून बाहेर पडल्यावर आमचं पहिलं काम म्हणजे ट्रिम डाइव्ह. (ट्रिम म्हणजे बोटीचा समतोल.) किती डिझेल घेतलं, किती पिण्याचं पाणी, किती टॉर्पेडो (पाण्यातून धावणारी स्फोटकं), बटाट्यांची पोती कुठे रचली, या सगळ्याचा हिशेब कागदावर करायचा, त्याप्रमाणे छोट्या टाक्यांत पाणी इकडचं तिकडे करायचं, आणि मग सावकाश खाली जाऊन बोट आडवी राहते का ते बघायचं. बुडणं कोणालाही जमतं. सगळी विद्या बुडून आडवं राहण्यात आहे.

साधं जहाज का आडवं राहतं ते आधी बघा. लाटेने त्याचं नाक खाली गेलं की पुढचा भाग जास्त बुडतो, तिथे प्लावक बल, म्हणजे पाण्याचं वर ढकलणं, वाढतं आणि नाक पुन्हा वर ढकललं जातं. जहाज जितकं लांब तितकी ही मदत जास्त. पूर्ण बुडालेल्या बोटीला ही मदत मिळतच नाही. तिचं जेवढं बुडायचं तेवढं आधीच बुडालेलं असतं. तिला सावरणारी एकच गोष्ट उरते: गुरुत्वमध्य (जिथे बोटीचं सगळं वजन एकवटतं) हा प्लावक केंद्राच्या (जिथे पाण्याचं वर ढकलणं एकवटतं) खाली असणं. आणि हे अंतर लहान असतं, मीटरमध्ये नव्हे तर सेंटिमीटरमध्ये मोजण्याइतकं.

आकडे घालून बघू. बोट ७५ टनांची आणि हे अंतर २० सेंटिमीटर धरा. ७० किलोचा एक माणूस चार मीटर पुढे चालत गेला तर बोट जवळजवळ एक अंशाने कलते. एक अंश म्हणजे काही फार नाही. पण अर्धा टन पाणी पाच मीटर पुढे सरकलं, तर साडेनऊ अंश. आणि माणूस चार मीटरवर थांबतो, पाणी थांबत नाही. बोट कलली की पाणी आणखी पुढे धावतं, त्यामुळे ती आणखी कलते. पाण्याचा टँकर घाटात चालवणाऱ्या ड्रायव्हरला विचारा, तो सांगेल की भरलेला टँकर परवडला, पण अर्धा भरलेला नको. टँकरच्या पोटात आडव्या पत्र्यांचे पडदे असतात ते याचसाठी.

सुरुवातीच्या पाणबुड्यांची बरीचशी कथा या अर्ध्या टाकीची आहे. पुस्तकांत शोधकांची नावं आणि युद्धातले पराक्रम येतात, पण डचमळणाऱ्या पाण्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही.

विल्हेल्म बाउअर हा बव्हेरियाचा तोफखान्यातला माणूस. त्याने १८५० साली कीलमध्ये 'ब्रांडटाउखर' नावाची लोखंडी बोट बांधली. पैसा कमी होता, म्हणून मूळ आराखड्यातल्या बंदिस्त टाक्या गाळल्या. आत घेतलेलं पाणी पायाखाली, बोटीच्या तळातच मोकळं फिरायचं. १ फेब्रुवारी १८५१ रोजी कीलच्या बंदरात पाणी मागच्या बाजूला गोळा झालं आणि बोट शेपटावर बसत तळाला गेली. आत बाउअर आणि दोन खलाशी. बाउअरचं डोकं शांत होतं. त्याने साथीदारांना सांगितलं की आत आणखी पाणी येऊ द्यायचं. आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका झाला की झाकण उघडेल, त्याआधी ते दहा माणसांनाही उघडणार नाही. बुडालेल्या बोटीत आणखी पाणी घ्यायला कोण तयार होणार? तासन्‌तास वाद झाला. शेवटी बाउअर म्हणाला तसंच झालं आणि तिघेही जिवंत वर आले. बुडालेल्या पाणबुडीतून सुटण्याचं प्रशिक्षण आम्हाला मिळालं, त्याच्या मुळाशी हेच भौतिकशास्त्र होतं.

अमेरिकेच्या यादवी युद्धातली 'हनली' तुम्हाला माहीत असेल. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री चार्ल्सटनजवळ तिने 'हाउसाटॉनिक' बुडवलं. पाणबुडीने युद्धात बुडवलेली ही पहिली युद्धनौका, पण त्या रात्री हनलीही परतली नाही. माझ्या दृष्टीने तिची त्याआधीची कथा जास्त शिकवणारी आहे. तिच्या दोन टोकांना दोन टाक्या होत्या, पण टाक्यांच्या भिंती छतापर्यंत नेलेल्याच नव्हत्या. वरून उघड्याच. १५ ऑक्टोबर १८६३ रोजी सरावात पुढच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, टाकी भरून भिंतीवरून पाणी माणसांत सांडलं आणि बोटीने चिखलात नाक खुपसलं. आठ जण गेले, त्यात जिच्या नावाने बोट ओळखली जाते तो होरेस हनलीही होता.

फ्रेंचांची 'प्लाँझर' १८६३ ची. ४२ मीटरपेक्षा लांब आणि दाबलेल्या हवेवर चालणारी. माणसाच्या हातांऐवजी यंत्राने चालणारी पहिली पाणबुडी हा तिचा मान. पण एवढी लांब बोट एका पातळीत धरून ठेवायचं साधनच नव्हतं. ती तळावर आपटायची, तिथून उसळून पृष्ठभागावर यायची, पुन्हा खाली.

सगळ्यांवर कडी केली नॉर्डेनफेल्टच्या बोटींनी. स्वीडनचा हा तोफांचा कारखानदार आणि जॉर्ज गॅरेट नावाचा इंग्रज पाद्री यांनी मिळून वाफेवर चालणाऱ्या पाणबुड्या विकायला काढल्या. पृष्ठभागावर असताना मोठ्या टाक्यांत पाणी प्रचंड तापवून ठेवायचं, मग आग विझवायची, धुराडं बंद करायचं आणि त्या साठवलेल्या उष्णतेच्या वाफेवर खाली चालायचं. कल्पना ऐकायला भन्नाट. पण अर्धवट भरलेले बॉयलर, अर्धवट भरलेल्या टाक्या आणि आत भट्टीसारखी उष्णता असा तो कारभार. पहिली बोट ग्रीसने घेतली, म्हणून शेजारच्या तुर्कस्तानने दोन मागवल्या. व्यापारी डोकं बघा! तुर्कांच्या 'अब्दुल हमीद'ने पाण्याखालून टॉर्पेडो सोडला, असं करणारी ती पहिली. टॉर्पेडो सुटला, पुढचं वजन एकदम कमी झालं, नाक वर उठलं आणि बोट शेपटाकडून खाली जाऊ लागली. ती पुढे बंदरातच गंजत पडली याचं नवल नाही.

आता हॉलंड.

जॉन फिलिप हॉलंड, जन्म १८४१, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं लिस्कॅनर गाव. पेशाने शाळामास्तर, इंजिनिअरिंगची पदवी नाही, दृष्टी अधू. १८७३ मध्ये अमेरिकेत गेला आणि न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावात शिकवू लागला. ब्रिटिश आरमाराशी समोरासमोर लढणं आयरिश लोकांना शक्य नव्हतं, म्हणून खालून जायचं, हा त्याच्या डोक्यातला मूळ विचार. फेनियन नावाच्या आयरिश क्रांतिकारकांनी त्याला पैसे दिले. १८७८ साली त्याने पॅसेइक नदीत जेमतेम चौदा फुटांची बोट चालवली, आणि १८८१ मध्ये तिघांनी चालवायची 'फेनियन रॅम' उतरवली. पुढे पैशांवरून फेनियनांमध्येच भांडण झालं आणि १८८३ मध्ये त्यांनी ती बोट रातोरात ओढून न्यू हेवनला नेली. नेली खरी, पण चालवता कोणालाच येईना, आणि चिडलेल्या हॉलंडने मदत करायला नकार दिला.

पण 'रॅम'च्या चाचण्यांतून त्याला कळायचं ते कळलं होतं. एक: खाली जाण्याआधी मुख्य टाकी काठोकाठ भरायची. भरलेल्या टाकीतलं पाणी हलत नाही, ते दगडासारखंच. बारीक सारीक फरक करायचा तो छोट्या टाक्यांत करायचा. म्हणजे गुरुत्वमध्य एका जागी खिळून राहतो. दोन: बोट पाण्यापेक्षा जड कधीच करायची नाही. जराशी हलकीच ठेवायची, आणि मागच्या आडव्या सुकाणूने नाक किंचित खाली करून इंजिनाच्या जोरावर तिला खाली दाबून न्यायचं. इंजिन बंद पडलं तर ती आपोआप वर येईल. मासा पोहतो तसं. त्या काळचे बहुतेक जण बोट जड करून दगडासारखी बुडवायचे, किंवा नॉर्डेनफेल्टसारखे उभ्या अक्षाचे पंखे लावून तिला आडवीच्या आडवी खाली खेचायचे. तीन: टॉर्पेडो गेला की त्याच्या वजनाइतकं पाणी तिथेच, त्याच टोकाला घ्यायचं. टॉर्पेडो सोडायच्या नळीत पाणी शिरतं, आणि नवा टॉर्पेडो भरण्यासाठी नळी रिकामी करायची तर ते पाणी समुद्रात न टाकता शेजारच्या टाकीत उतरवायचं. नाकाला कळतही नाही की काही बदललं. आमच्या बोटींवर टॉर्पेडो सोडल्यावर याच कामाची धांदल उडायची, फक्त टाक्या मोठ्या होत्या.

हे सगळं त्याला माहीत असूनही अमेरिकी नौदलाने १८९५ मध्ये त्याला कंत्राट दिलं ते 'प्लंजर' नावाच्या वाफेच्या बोटीचं, नौदलाच्याच अटींवर. बॉयलरजवळ माणूस उभा राहू शकेना. हॉलंडला निकाल आधीच दिसत होता, म्हणून त्याने कंपनीच्या पैशाने, स्वतःच्या मनासारखी वेगळी बोट बांधायला घेतली: 'हॉलंड ६'. १७ मे १८९७ रोजी ती न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ इथे पाण्यात उतरली. लांबी १६.४ मीटर, पाण्याखालचं वजन ७४ टन. वर चालण्यासाठी ४५ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, खाली चालण्यासाठी बॅटरी आणि विजेची मोटर. बॅटरी उतरली की वर यायचं आणि त्याच पेट्रोल इंजिनाने ती भरून घ्यायची. पुढच्या अर्धशतकातल्या बहुतेक पाणबुड्या मुळात अशाच, वर इंजिन आणि खाली बॅटरी, या जोडगोळीवर चालल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका कामगाराकडून व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि बोट धक्क्यालाच बुडाली. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या मोटरी सुकवायच्या कशा? फ्रँक केबल नावाच्या वीजतंत्रज्ञाने त्यांच्यात उलटा प्रवाह सोडून त्या आतूनच तापवल्या आणि वाळवल्या. मोटर खोलून नवी गुंडाळी करण्यात महिने घालवलेल्या आम्हा लोकांना हा माणूस फार आवडतो. पुढे तोच या बोटीचा कप्तान झाला.

अमेरिकेने ती ११ एप्रिल १९०० रोजी दीड लाख डॉलरला विकत घेतली. आणि गंमत पुढे आहे. ज्या ब्रिटिश आरमाराला बुडवायचं म्हणून हॉलंडने आयुष्य घातलं, त्याच आरमाराने १९०० मध्ये त्याच्या आराखड्याच्या पाच बोटी मागवल्या. २ ऑक्टोबर १९०१ रोजी बॅरो इथल्या व्हिकर्सच्या गोदीत ब्रिटनची पहिली पाणबुडी गाजावाजा न करता पाण्यात सोडली, तिचं नाव 'हॉलंड १'.

हॉलंडच्या मूळ बोटीला पेरिस्कोप, म्हणजे पाण्याखालून वरचं बघायची आरशांची नळी, नव्हता. शत्रू बघायचा तर कप्तान बोट क्षणभर वर काढायचा, छोट्या काचेतून डोकावायचा आणि पुन्हा खाली. ब्रिटिशांनी पेरिस्कोप बसवला, तोही मजेशीर. डेकवर आडवा पडलेला असायचा, गरज पडली की उभा करायचा. समोर बघितलं तर चित्र सरळ, बाजूला वळवलं तर चित्र आडवं, आणि मागे बघितलं तर जहाजं उलटी टांगलेली.

पण खरा शत्रू बोटीच्या आत होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती तळाशी साचते आणि मोटरच्या ठिणगीची वाट बघत बसते. शिवाय इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड, त्याला वासही नाही. म्हणून ब्रिटिश बोटींवर पांढरे उंदीर पाळत. उंदीर आडवा झाला की वर चला! १६ फेब्रुवारी १९०५ रोजी आयर्लंडच्या क्वीन्सटाउनला 'ए ५' या ब्रिटिश पाणबुडीत पेट्रोलची वाफ पेटली आणि सहा जण गेले. त्याआधी १८ मार्च १९०४ रोजी 'ए १' सरावात एका क्रूझरवर (मोठ्या युद्धनौकेवर) पेरिस्कोप रोखून होती. दुसऱ्या बाजूने आलेली 'बर्विक कॅसल' ही प्रवासी बोट तिला दिसलीच नाही. बोटीच्या पाठीवरच्या मनोऱ्यावर, जिथून आत-बाहेर करतात, धडक बसली आणि अकराही जण बुडाले. मनोरा फुटला तर पाणी थेट खाली उतरायचं, मध्ये अडवायला काहीच नव्हतं. त्यानंतर मनोऱ्याच्या तळाला दुसरं झाकण आलं. ते खालचं झाकण मी शेकडो वेळा बंद केलंय. दर वेळी त्या अकरा जणांची आठवण यायची असं खोटं सांगणार नाही, पण नव्या पोरांना ते का आहे हे मी सांगायचो.

जपानची सहा क्रमांकाची बोटही हॉलंडच्याच वंशातली. १५ एप्रिल १९१० रोजी हिरोशिमाच्या उपसागरात हवेची नळी पाण्यावर ठेवून, पेट्रोल इंजिनावर उथळ चालण्याचा सराव चालू होता. नळीतून पाणी शिरलं. व्हॉल्व्ह बंद करणारी साखळी निसटली, हाताने बंद करेपर्यंत उशीर झाला आणि बोट शेपटाकडून बसली. लेफ्टनंट साकुमा त्सुतोमु याने उरलेल्या अंधुक उजेडात टिपण लिहिलं: बोट कशी बुडाली, काय काय करून बघितलं, बोट गमावल्याबद्दल माफी, आणि या अपघातामुळे पाणबुड्यांचं काम थांबवू नका अशी विनंती. बोट वर काढली तेव्हा चौदापैकी बारा जण आपापल्या जागेवर होते आणि उरलेले दोघे फुटलेल्या पेट्रोलच्या नळीजवळ, दुरुस्तीच्या कामात. तांत्रिक बाजूने मला त्या टिपणातली साखळी विसरता येत नाही. जी वस्तू शेवटच्या क्षणी लागणार, तिला साखळी, दोरी, पुली असं मध्ये काही ठेवू नये.

पेट्रोलपासून सुटका डिझेलने केली. डिझेल सहज पेटत नाही एवढं एक कारणही पुरेसं होतं. फ्रेंचांनी 'एग्रेत'मध्ये १९०४ लाच ते वापरलं, ब्रिटिशांनी १९०८ च्या 'डी' वर्गापासून. जर्मनांची १९०६ ची 'यू १' मधल्या वाटेवरची, केरोसीनवर चालणारी. दिवसा पांढरा धूर आणि रात्री ठिणग्या. लपून राहण्यासाठी बांधलेल्या बोटीला हे काही शोभत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पहिली कोणाची? यावर देशागणिक भांडण आहे. स्पेनचे लोक इसाक पेराल यांचं नाव घेतील, आणि त्यात तथ्य आहे. १८८८ ची त्यांची बोट विजेवर चालायची, टॉर्पेडोची नळी होती, पेरिस्कोपही होता. पण बॅटरी भरायचं साधन बोटीवर नव्हतं. म्हणजे ती बंदराला दावणीने बांधलेली, चार्ज संपला की परत. त्याच वर्षीच्या फ्रेंच 'जिम्नोत'लाही तेच लागू. बाहेर जाऊन स्वतःच्या बळावर परत येणारी, म्हणून मी हॉलंडला मान देतो. पण अर्धाच. उरलेला अर्धा फ्रान्सच्या मॅक्सिम लोबफला. त्याने १८९९ च्या 'नार्व्हाल'ला दोन कवच दिली. आतलं दाब सोसणारं, बाहेरचं जहाजाच्या आकाराचं, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत टाक्या. हॉलंडची बोट पृष्ठभागावर जेमतेम डोकं वर काढायची, समुद्र खवळला की तिचे हाल. लोबफची बोट खुल्या समुद्रात जहाजासारखी चालू शकायची. वर वाफेचं इंजिन असल्यामुळे खाली जायला पंधरा-वीस मिनिटं लागत, हा भाग वेगळा. फॉक्सट्रॉट दोन कवचांची होती, तिच्यात लोबफ जास्त आणि हॉलंड कमी. पुढे १९५३ मध्ये अमेरिकेने 'अल्बाकोर' बांधली तेव्हा हॉलंडचा तो गुबगुबीत, माशासारखा, एकाच पंख्याचा आकार परत आला, कारण आता खरोखर खालीच राहायचं होतं.

१२ ऑगस्ट १९१४ रोजी हॉलंड वारला. २२ सप्टेंबरला जर्मनीच्या 'यू ९' ने एका सकाळी तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. त्यात १४०० हून जास्त माणसं मेली.

तर तुमची प्रतिकृती. वजन १२ किलो आणि दोन केंद्रांमधलं अंतर एक सेंटिमीटर धरलं, तर फक्त १०० ग्रॅम पाणी ३० सेंटिमीटर पुढे सरकलं की बोट १४ अंशांनी कलते. माझा अंदाज असा की तुमची टाकी लांबट आहे आणि ती तुम्ही अर्धीच भरता. ती टाकी काढा. तिच्याऐवजी बरोबर मध्यावर आखूड टाकी बसवा, एवढ्याच मापाची की पूर्ण भरली की बोट पाण्यावर जेमतेम टेकलेली राहील, बुडणार नाही. दोन टोकांना दोन इंजेक्शनच्या सिरिंजा लावा. दट्ट्यापुढे हवा राहत नाही, म्हणून पाणी डचमळत नाही. ट्रिम त्यांनी साधा. बॅटरी अगदी तळाला घट्ट बांधा, म्हणजे तो एक सेंटिमीटर दोन होईल आणि कल निम्म्यावर येईल. मग मोटर चालू करून मागच्या आडव्या पंखाने खाली न्या.

आणखी एक. कॉलेजच्या तलावात जमवलेला ट्रिम समुद्रात चालणार नाही. खारं पाणी अडीच टक्के जड, म्हणजे तुमच्या बोटीला तिथे ३०० ग्रॅम शिसं जास्त लागेल. पहिली चाचणी विहिरीत घेऊ नका. तळ दिसेल अशा पोहण्याच्या तलावात घ्या, आणि मागच्या कडीला नायलॉनची दोरी बांधून तिचं दुसरं टोक काठावरच्या कोणाच्या तरी हातात द्या.